डावीकडे किल्ला, उजवीकडे स्वच्छतागृह

बसमधून पाहिलेला इतिहास सनावळीच्या क्रमानं येत नाही, रस्त्याच्या क्रमानं येतो. शाळेत आपण आधी सातवाहन, मग यादव, मग शिवाजी महाराज, मग पेशवे अशी रांग लावून तो शिकलो. स्कॉटलंडच्या कोच टूरमध्ये ही शिस्त नाही. नाश्ता झाला की १६५१, जेवणाआधी १७४६, चहाच्या सुमारास अचानक १२९७. संध्याकाळी हॉटेल जवळ आलं की गाईड माईकवरून सांगतो, याच भागात १०४० साली डंकन राजा मारला गेला आणि खराखुरा मॅकबेथ गादीवर आला. तोवर निम्मी बस झोपलेली असते. मॅकबेथनं सतरा वर्षं बऱ्यापैकी राज्य केलं आणि शेक्सपिअरनं नाटकासाठी त्याला खलनायक करून टाकलं, ही त्याच्या बाजूची कैफियत अशी दर वेळी घोरणाऱ्या न्यायालयापुढे मांडली जाते.

या इतिहासाचा खरा सूत्रधार गाईड नव्हे, ड्रायव्हर. तिथला कायदा असा की साडेचार तास गाडी हाकली की ड्रायव्हरनं पंचेचाळीस मिनिटं विसावा घ्यायचाच. गाडीतलं यंत्र त्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं, त्यामुळे 'चल रे, पुढे जाऊन थांबू' हा आपला राष्ट्रीय तोडगा तिथं चालत नाही. मग किल्ल्यांची प्रतवारी आपोआप ठरते. ज्याच्या पायथ्याशी कोच लावायला जागा, स्वच्छतागृह आणि कॉफी आहे तो महत्त्वाचा किल्ला. बाकीचे सगळे 'डावीकडे पाहा'. 'डावीकडे पाहा' म्हटलं की उजवीकडचे उठतात, डावीकडच्यांच्या डोक्यावरून मोबाईल पुढे करतात आणि तेवढ्यात किल्ला झाडाआड जातो. स्कॉटलंडहून परतलेल्या कुणाचाही अल्बम पाहा. त्यात किल्ल्यांपेक्षा झाडं जास्त, आणि झाडांपेक्षा शेजाऱ्याचे कान जास्त.

कोच मराठी मंडळींनी भरलेली असेल तर तिची स्वतःची राज्यघटना असते. रोज सकाळी प्रत्येकानं ठरावीक ओळी मागं सरकायचं, म्हणजे पुढची काच सर्वांच्या वाट्याला येते. हे टूर मॅनेजर पहिल्या संध्याकाळी समजावून सांगतो, सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या सकाळपासून कुणाला गाडी लागते, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला मागं बसलं की डावा कान बधिर होतो. नऊ वाजता चिवड्याची पुडी फिरते, साडेनऊला लाडू. चिवडा आणि लाडू यांच्या मधल्या अर्ध्या तासात जे राजे येतील तेवढेच लोकांच्या लक्षात राहतात. आमच्या कोचमध्ये एक सोलापूरचे काका होते. त्यांनी सह्याद्रीतले बरेच गड पालथे घातले होते आणि ते स्कॉटलंडला पाहायला नव्हे, तपासायला आले होते. दुसऱ्या होत्या इतिहासाच्या निवृत्त बाई. गाईड बोलताना त्या वहीत लिहायच्या आणि मधूनच, उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहायच्या.

सुरुवात अर्थातच एडिनबरा. थंड झालेल्या ज्वालामुखीच्या कातळावर शहराच्या मधोमध हा किल्ला आहे. इथं १८६१पासून रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ वगळता रोज दुपारी एकला तोफ उडते. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून ही सोय झाली. जहाजांना आता गरज उरलेली नाही, पण तोफ चालूच आहे. बाराला का नाही, असं विचारलं की तिथले लोक स्वतःच सांगतात, बाराला बारा बार उडवावे लागले असते, एकला एकात भागतं. आमच्यातल्या पुणेकरांना हा देश त्या क्षणी पटला. पलीकडे 'मॉन्स मेग' नावाची अगडबंब तोफ ठेवली आहे. दुसऱ्या जेम्स राजाला ती १४५७ साली आहेर म्हणून मिळाली, आणि ती सुमारे दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची. काकांनी तिच्यावर हात फिरवला, जंजिऱ्याची कलालबांगडी आठवली, आणि 'ठीक आहे' असा शेरा दिला. त्यांच्याकडून किल्ल्याला मिळालेले हे सर्वाधिक गुण.

याच किल्ल्यात स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार काचेआड ठेवली आहे. त्यांची गोष्ट मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या डनॉटर किल्ल्यावर ऐकावी. स्टोनहेवन गावाजवळ समुद्रात घुसलेला एक प्रचंड कडा, तीन बाजूंना खवळलेलं पाणी, आणि वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्यांची उतरण-चढण. पायऱ्या दिसताच कोचची फाळणी झाली. एक गट 'इथूनच छान दिसतंय' म्हणाला. काका मात्र प्रथमच खुलले. 'हा खरा गड,' म्हणत ते वर निघाले, आणि पहिल्या वळणावर दम खाण्यासाठी थांबले तेव्हा आम्ही सगळे सौजन्यानं समुद्राकडे पाहत राहिलो.

इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यानं १६५१ साली या किल्ल्याला वेढा घातला, कारण राजचिन्हं आत होती. वेढा आठ महिने चालला. किल्ला पडला तेव्हा आत राजचिन्हं नव्हती. जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको ख्रिश्चन ग्रेंजर हिनं ती वेढ्यातून बाहेर काढली होती. एक हकिकत अशी की मुकुट तिनं कपड्यांत लपवला, आणि तलवार-राजदंड जवसाच्या काड्यांच्या भाऱ्यातून नेले. पुढं १६६०पर्यंत ही चिन्हं किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरलेली होती. राजा परागंदा, फौज गारद, आणि राज्याची अब्रू एका पाद्रीणबाईंच्या गाठोड्यात. हे ऐकून कोचमधल्या समस्त काकू ताठ बसल्या. 'लपवायचं काम पुरुषांना दिलं असतं तर आजही शोधत बसले असते,' असं एकीनं जाहीर केलं. हा टोमणा लवकरच पुराव्यानिशी सिद्ध झाला. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडची संसदं एक झाली तेव्हा कारभारी पुरुषांनी तोच मुकुट एडिनबराच्या किल्ल्यात एका पेटाऱ्यात घालून खोलीला टाळं लावलं, आणि पुढची शंभरएक वर्षं तो आहे की गेला, हे कुणालाच धड सांगता येईना. शेवटी १८१८ साली वॉल्टर स्कॉट या कादंबरीकारानं पुढाकार घेऊन पेटारा उघडवला. मुकुट आतच होता.

१८१८ हा आकडा मराठी कानाला टोचतो. बाईंनी वहीवरून मान वर केली. एडिनबरात स्कॉट मंडळी आपला हरवलेला मुकुट शोधत होती त्याच वर्षी इकडे दुसरी स्कॉट मंडळी पेशव्यांची गादी गुंडाळत होती. पेशवाईची निरवानिरव करणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम स्कॉटिश, आणि साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा माणूस म्हणून बसलेला जेम्स ग्रँट डफ हाही स्कॉटिश. हा डफ बॅन्फ या किनारी गावचा. घरी परतल्यावर १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला आणि त्यातल्या चुका काढण्यात आपल्या विद्वानांच्या काही पिढ्या सुखानं नांदल्या. कोच बॅन्फवरून जात असताना गाईडनं डॉल्फिनबद्दल सांगितलं. ग्रँट डफबद्दल बाईंनी सांगितलं, तेही माईक न घेता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

बॅन्फमध्येच 'डफ हाउस' नावाचा देखणा प्रासाद आहे. अठराव्या शतकात विल्यम डफ नावाच्या उमरावानं तो विल्यम अॅडम या नामवंत वास्तुविशारदाकडून बांधवून घ्यायला काढला. खर्च वाढत गेला, भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं, मालक हरला, आणि त्या घरात तो कधीच राहायला गेला नाही. असं सांगतात की पुढं तिथून जायची वेळ आली की तो बग्गीचे पडदे ओढून घेई. बिल्डरशी व्यवहार केलेल्या कुठल्याही महाराष्ट्रीयाला हा उमराव आपला वाटेल. मला मात्र तो वेगळ्याच कारणानं आपला वाटला. गाडीत बसून, पडदा ओढून, प्रासादाशेजारून निघून जाणारा तो स्कॉटलंडचा आद्य कोच प्रवासी होय. त्याच्याकडे निदान कारण होतं. आमच्या उजव्या बाजूच्या चार ओळींचे पडदे ओढलेले होते, कारण जेवण झालं होतं.

इन्व्हर्नेसजवळ कलोडनचं माळरान आहे. इथं १६ एप्रिल १७४६ रोजी राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टची फौज तासाभराच्या आत संपली. ब्रिटनच्या ज्या गादीसाठी हा खटाटोप होता ती गेली आणि डोंगरी लोकांचा पोशाखही कायद्यानं बंद झाला. एवढी मोठी वाताहत, पण जागा इतकी जिव्हाळ्यानं राखली आहे की पानिपत मनात बाळगणाऱ्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. राजपुत्र मात्र निसटला. फ्लोरा मॅकडॉनल्ड नावाच्या मुलीनं त्याला 'बेटी बर्क' नावाची मोलकरीण बनवून, झगा नेसवून, होडीतून स्काय बेटावर पोचवलं. हे ऐकताच बाईंनी आग्र्याचे पेटारे काढले. गाईडनं नम्रपणे ऐकून घेतलं. फरकही बाईंनीच सांगितला. आमचे महाराज निसटले ते परत येऊन छत्रपती झाले, तुमचे राजपुत्र निसटले ते रोमला जाऊन म्हातारे झाले. गाईड म्हणाला, 'हो, पण चॉकलेटच्या डब्यांवर आमच्याच राजपुत्राचं चित्र असतं.' बाईंनी हे वहीत लिहून घेतलं नाही.

पुढे लॉक नेस. सदतीस किलोमीटर लांब, दोनशे मीटरहून जास्त खोल, आणि इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या तळ्यांना मिळून नसेल इतकं पाणी पोटात असलेलं हे सरोवर. काठावर अर्कर्ट किल्ल्याचे भग्न बुरूज आहेत. १६९२ साली किल्ला सोडताना राजाच्याच शिबंदीनं तो शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून सुरुंगानं उडवला. हे ऐकायला कुणी नसतं, कारण सगळे किल्ल्याकडे पाठ करून पाण्याकडे पाहत असतात. तिथं नेसी नावाचा राक्षस राहतो अशी बोलवा १९३३ साली उठली, दुसऱ्या वर्षी त्याचा सुप्रसिद्ध फोटो छापून आला, आणि खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून तो बनवला होता हे उघड व्हायला १९९४ साल उजाडलं. एवढ्यानं लोक यायचे थांबतील, तर ते लोक कसले. मग शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्यातला डीएनए तपासला. २०१९ साली निष्कर्ष आला. राक्षसाचा पत्ता नाही, पण ईल मात्र भरपूर. टूर मॅनेजरनं ईल म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मालवणच्या काकू म्हणाल्या, 'म्हणजे वाम. मग एवढ्या लांब कशाला आलो?'

पश्चिम किनाऱ्याकडे रस्ते अरुंद होतात. बरेचसे इतके की एका वेळी एकच गाडी मावते, आणि ठरावीक अंतरावर बाजूला घ्यायला जागा ठेवलेली असते. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ, तो थांबतो किंवा मागं जातो. दुसरा जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो. हॉर्न नाही, काच खाली करून कुळाचा उद्धार नाही. हे दृश्य आमच्या कोचनं कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त एकाग्रतेनं पाहिलं. एकानं तर त्याचा व्हिडिओ काढून घरच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

याच वाटेवर आयलन डोनन. तीन खाड्या मिळतात तिथल्या बेटावरचा, कमानीच्या पुलानं जोडलेला, कॅलेंडरवरचा किल्ला. इथं गाईडला बोलायची संधीच मिळाली नाही. 'कुछ कुछ होता है'च्या शीर्षकगीतात दिसतो तो हाच, हे कळताच १७१९ साल, स्पॅनिश शिपाई, ब्रिटिश आरमाराच्या तोफा, सगळं वाहून गेलं. सत्तरीच्या काकांनी शाहरुखसारखे हात पसरले, काकूंनी पदर वाऱ्यावर सोडला, आणि वाऱ्यानं तो घेतला. गंमत अशी की सगळे ज्याला प्राचीन म्हणून वंदन करतात तो हा किल्ला १७१९ साली पार उडवला गेला होता. दोनशे वर्षं तिथं दगडांचा ढीग होता. मॅक्रे घराण्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं तो विकत घेऊन पुन्हा उभारला आणि काम १९३२ साली पुरं झालं. म्हणजे आपलं गेटवे ऑफ इंडिया, १९२४चं, याच्याहून वडील. काकांना हे कळल्यावर त्यांनी दिलेले गुण परत घेतले.

स्कायवर आम्हाला मिज भेटले. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही चिलटं उन्हाळ्यात, वारा पडला की ढगानं येतात. त्यांतल्या फक्त माद्या चावतात, ही माहिती गाईडनं दिली आणि आमच्यातल्या एका गृहस्थानं त्यावर विनोद करायला तोंड उघडलं. ते मिजनी भरलं.

फोर्ट विल्यमला बेन नेव्हिस, सबंध ब्रिटनचा सर्वोच्च डोंगर. उंची १३४५ मीटर. काका याच क्षणासाठी आले होते. 'कळसूबाई १६४६,' ते म्हणाले, 'तोरणा १४०३. महाराजांनी पहिल्याच झटक्यात घेतला तो गड तुमच्या अख्ख्या देशाहून उंच.' ड्रायव्हरनं ढगाकडे बोट दाखवून सांगितलं की डोंगर त्याच्या आत आहे. पुढं ग्लेनको. १६९२च्या फेब्रुवारीत सरकारी शिपाई मॅकडॉनल्ड लोकांच्या घरी जवळजवळ पंधरवडाभर पाहुणचार झोडत राहिले आणि एका पहाटे त्यांनी यजमानांनाच कापून काढलं. शिपायांचा नायक कॅम्पबेल होता. म्हणून तिथल्या एका खाणावळीत आजही कॅम्पबेलांना मज्जाव असल्याची पाटी आहे. तीनशे वर्षांचं वैर इतक्या नीटनेटक्या अक्षरांत मी प्रथमच पाहिलं.

प्रत्येक थांब्यावर टार्टनचं दुकान असतंच. तुमचं आडनाव सांगा, तुमच्या कुळाचे चौकडे दाखवतो, असा त्यांचा धंदा आहे. कलोडननंतर डोंगरी पोशाखावर आलेली बंदी उठली १७८२ साली, पण या कापडाला सोन्याचे दिवस आले १८२२मध्ये. चौथा जॉर्ज राजा एडिनबराला आला, स्वागताचा सोहळा पुन्हा वॉल्टर स्कॉटनंच आखला, आणि स्थूल राजेसाहेब किल्ट नेसून, खाली गुलाबी मोजे चढवून दरबारात उभे राहिले. कुळागणिक ठरलेले चौकडे हा बराचसा त्यानंतरचा व्यापार. आमच्यातल्या एकानं 'कुलकर्णी' सांगून पाहिलं. दुकानदार डगमगला नाही. ज्यांना कूळ नाही त्यांच्यासाठीही एक टार्टन असतो म्हणाला, आणि तो सगळ्यात महाग निघाला. कोल्हापूरच्या वहिनींनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि इचलकरंजीची लुंगी याहून घट्ट विणीची असते, असा निकाल दिला. तरीही मफलर सात घेतले.

आणि शेवटी स्टर्लिंग. हा किल्ला ज्याच्या हातात, त्याच्या हातात स्कॉटलंड. पायथ्याजवळच्या पुलावर १२९७ साली विल्यम वॉलेसनं इंग्रजांना धूळ चारली, जवळच बॅनकबर्नला १३१४ साली रॉबर्ट द ब्रूसनं तेच केलं. अशा ठिकाणी पोवाडेच ऐकायला मिळणार अशी आमची तयारी होती. गाईडनं मात्र तटाकडे नेलं आणि जॉन डेमियनची गोष्ट सांगितली. हा चौथ्या जेम्स राजाच्या पदरचा किमयागार. सोनं काही होईना, तेव्हा १५०७ साली त्यानं पिसांचे पंख बांधले, आता उडत फ्रान्सला जातो म्हणाला, आणि या तटावरून उडी टाकली. सरळ खाली आला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्याचा खुलासा असा की पंखांत कोंबड्यांची पिसं मिसळली गेली. कोंबडीची ओढ आकाशाकडे नसते, उकिरड्याकडे असते. विशेष म्हणजे राजानं त्याला हाकललं नाही.

एवढ्या मोठ्या रणभूमीवर उभं राहून गाईडनं हे पडणं वॉलेसच्या विजयाइतक्याच अभिमानानं सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठवडाभर हा माणूस आम्हाला पराभव, फजिती, विसराळूपणा, बनावट फोटो आणि नवे बांधलेले जुने किल्ले दाखवत होता, तिकीट घेऊन, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. स्वच्छता, शिस्त, फुलझाडं यांचं कौतुक प्रत्येक परदेशवारीनंतर होतंच. त्या विषयात मी भर घालत नाही. मला हेवा वाटला तो वेगळ्या गोष्टीचा. आपल्या इतिहासात कुणी पडत नाही, सगळे झेपच घेतात. स्कॉट लोकांनी झेप घेणाऱ्यांबरोबर पडणाऱ्यांनाही दप्तरात जागा दिली आहे, आणि त्यामुळे त्यांच्या झेपाही खऱ्या वाटतात.

इथं एखादं मराठी उदाहरण द्यायला हवं होतं. माझ्याकडे दोन आहेत. ती मी देत नाही, यातच सगळं आलं.

तेव्हा वाचकहो, जमलं तर स्कॉटलंडला जरूर जा. मे महिन्यात जा, मिज तेव्हा कमी असतात. जेवणानंतर पडदा ओढू नका. आणि पुढच्या वेळी सह्याद्रीतल्या गडावर गेलात तर गाईडला विजयाची गोष्ट सांगून झाल्यावर एवढंच विचारा, इथं कोण पडलं होतं? तो रागावला नाही, तर त्याला चहा पाजा. असा गाईड दुर्मिळ आहे.